गुडघ्याने शोधलेली सोपी वाट



सातारकडच्या माणसाला कुणी ‘सोपी वाट’ दाखवली, की त्याला जरा अपमानच वाटतो. अजिंक्यतारा पळत चढून भरतीची तयारी केलेली पोरं आम्ही. पुढे नोकरीत काश्मीरचे डोंगर तुडवले आणि तिथेच एका रात्री बर्फावरून घसरून उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि नोकरीच्या एकविसाव्या वर्षी मी रायपूरला ऑफिसच्या कामावर येऊन बसलो. डॉक्टरांनी सांगितलं, “डोंगर बंद. सपाटीला चाला, पण रोज चाला.”

घर भाड्याने मिळालं पुरानी बस्तीत. शहराचा हा सगळ्यात जुना भाग. बोळ इतके अरुंद, की समोरून स्कूटर आली तर आपण ओट्यावर चढायचं. पहिला महिना मी कुरकुरण्यात घालवला. मग एका सकाळी सौ. म्हणाली, “चला, मी येते तुमच्याबरोबर.” तेव्हा लक्षात आलं, लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आम्ही दोघं नुसतं चालायला म्हणून कधी बाहेरच पडलो नव्हतो. सुट्टीत घरी गेलो की शेत, लग्नं, बँक, दवाखाना. चालायला वेळ कुणाला?

आमची वाट ठरून गेली. महामाया मंदिरात हात जोडायचे, तिथून महाराजबंध तलावाकडे. काठाजवळच दूधाधारी मठ. आत भिंतींवर रामकथेची चित्रं आहेत, तीही मराठा काळातली. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इथवर होतं, हे शाळेत वाचलं होतं. पण घरापासून इतक्या लांब त्याची खूण भेटली की बरं वाटतं. मग बूढा तलाव. तलावाच्या मधोमध स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे. १८७७ साली नरेंद्र चौदा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर रायपूरला आला. रेल्वे तेव्हा इथवर पोचली नव्हती. नागपूरपासून पुढचा प्रवास बैलगाडीने, जंगलातून. जवळजवळ दोन वर्षं तो या तलावाशेजारच्या बूढापाऱ्यात राहिला. आमचा तासाभराचा फेरफटका इथे संपायचा आणि परतीला गरम पोहे.

फाल्गुन लागला तशी सकाळची हवा बदलली. आंब्याला मोहोर, कडुनिंबाला तांबूस पालवी. शेजारच्या काकी म्हणाल्या, “बाबू, परसा फुले हे, जंगल देख के आव.” परसा म्हणजे आपला पळस.

एका रविवारी आम्ही तुरतुरियाला गेलो. बारनवापाराच्या जंगलाला लागून असलेलं हे ठिकाण. इथे वाल्मीकींचा आश्रम होता असं लोक मानतात. झऱ्याचं पाणी तुरतुर आवाज करत कुंडात पडतं, म्हणून नाव तुरतुरिया. ओढ्याकाठची वाट अगदी सोपी होती. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, पान एक नाही, नुसती केशरी फुलं. मोहाच्या झाडाखालची जागा झाडून स्वच्छ केलेली. रात्री फुलं गळतात आणि पहाटे बाया टोपल्या घेऊन वेचायला येतात. हवेत तो गोडसर, जड वास भरून राहिलेला.

आणि मी काय करत होतो? खाली बघत होतो. कुठे माती उकरलेली दिसते का, पाल्याखाली वायर आहे का. मळलेली वाट सोडून कडेने चालत होतो आणि सौ.ला बजावत होतो, “माझ्या पावलावर पाऊल ठेव.” आरओपीची सवय. आमच्या तुकडीतल्या एकाचा पाय अशाच साध्या दिसणाऱ्या वाटेवर गेला होता. त्यात हे राज्य छत्तीसगड. ६ एप्रिल २०१० ला याच राज्यात, दक्षिणेला ताडमेटल्याच्या जंगलात ७६ जवान गेले. तेही याच दिवसांत, मोहाच्या हंगामात. ते जंगल इथून फार लांब. पण डोक्याला अंतर कुठे कळतं?

सौ. थांबली. म्हणाली, “अहो, ही गस्त नाही. त्या मावशी बघा.”

मोह वेचून एक म्हातारी समोरून येत होती. डोक्यावर टोपली, पाय अनवाणी, चाल सरळ वाटेच्या मधून. आमच्याकडे बघून हसली आणि मूठभर फुलं सौ.च्या हातावर ठेवून गेली. ही तिची रोजची वाट. मी जिच्यात वायर शोधत होतो, तिच्यावर ही बाई जन्मभर अनवाणी चालली असणार.

मी कडेवरून मधे आलो. सौ. पुढे, मी मागे. मान वर करायला सुरुवातीला जडच गेलं. शंभरेक पावलांनी जमलं. वर पळस होता, त्यावर मैनांचा दंगा चालला होता. गुडघा दुखत होता, पण तक्रार करत नव्हता.

माझ्यासारखे कॅटेगरीत आलेले, रिटायर झालेले बरेच जण हे वाचत असतील. डोंगर सुटल्याचं दुःख मला ठाऊक आहे. पण सोपी वाट आपल्याला वाटते तेवढी सोपी नसते. तिच्यावर निर्धास्त चालणं आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. ते आता शिकायचं. जमलं तर घरच्या माणसाला सोबत घ्या आणि त्याला पुढे चालू द्या.

जय हिंद.