आखणीच्या आधी

भाच्याने गावच्या गणपतीच्या शाळेतला, म्हणजे मूर्ती घडवतात तिथला, व्हिडिओ पाठवला. मातीचा गोळा, लगेच सोंड, लगेच मुकुट, रंग, डोळे. सगळं अर्ध्या मिनिटात, वर ढोलताशांचा गजर. बघून राग आला. भाच्याचा नाही, त्या वेगाचा.

आमच्या वाडीतल्या शाळेत मूर्तिकार आबा डोळ्यांची आखणी करायला बसले, की आम्ही पोरं दारात दाटीने उभी राहायचो. आबा ब्रश रंगात बुडवायचे, टोक निथळून घ्यायचे, मूर्तीजवळ न्यायचे आणि थांबायचे. पुन्हा हात मागे. कुणी खुदकन हसलं तर मान न वळवता म्हणायचे, "गप रव." बाहेर पागोळ्या गळत असायच्या. मग एका दमात रेघ. ती कशी उमटली ते मला आज आठवत नाही. हवेत थांबलेला हात आठवतो. व्हिडिओत नेमका तोच कापलाय.

वेळ दादासाहेब फाळक्यांनीही दाबला होता. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२च्या सुमाराला, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट घेत टिपली आणि पडद्यावर कोंब भराभर वर आला. तिथे ते हवंच होतं. रोप वाढताना डोळ्यांना दिसत नाही, ते दिसावं म्हणून वेळ दाबावा लागतो. आबांचा हात तर समोर दिसतो. कुठे थांबायचं आणि कधी टेकवायचं, यातच त्यांचं सगळं कसब. तो पळवला की मूर्ती तेवढी दिसते, आबा दिसत नाहीत.

याच फाळक्यांनी १९१७ साली चित्रपट कसे तयार करतात ते दाखवणारी छोटी फिल्म केली. तिचा उरलेला तुकडा मी पुन्हा पुन्हा पाहतो. फाळके नटांना सूचना देतात, फिल्मची पट्टी हातात घेऊन न्याहाळतात. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस आपल्या कामात बुडालेला बघायला मिळतो, ही केवढी मोठी ठेव! पण दर वेळी माझं मन त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंकडे जातं. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची, फिल्म धुण्याची रसायनं कालवायची, आणि कंपनीतल्या सगळ्या माणसांचं जेवणही रांधायचं, ही कामं त्यांची होती.

तशी आमची काकी. माती भिजवायची ती, खडे वेचायची ती, तळव्यांनी रेटून रेटून मळायचीही तीच. माती नीट मळली नाही तर मूर्ती सुकताना तडकते. तरीही बारीक चिरा पडल्याच, तर ओल्या मातीचं बोट फिरवून त्या बुजवायला पुन्हा काकीच. आबांचा हात निर्धास्त चालायचा तो तिच्या भरवशावर. तिला बघायला मात्र दारात कुणी जमत नसे. भाच्याच्या व्हिडिओतही गोळा तयारच येतो.

यंदा शाळेत जाल तेव्हा फोन आखणीसाठी राखून ठेवू नका. माती भिजते त्या दिवशी जा. मळणाऱ्या बाईसमोर बसा, तिला विचारून कॅमेरा लावा आणि तिचं काम तिच्या गतीने होऊ द्या. वर गाणं घालू नका. माती मळतानाचा आवाज ऐकू येऊ दे.