४०० पैकी १ की २० पैकी १?

गेले काही दिवस भेटेल त्याला धरून मी एकच प्रश्न विचारत सुटलोय: दोन संकटं एकदम यायची शक्यता किती? नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या नांदगावात या प्रश्नावर कुणी हसत नाही.

हिशोबपट्टीच्या पाठीवर मांडून बघा. समजा, कांद्याचं पीक बुडण्याची शक्यता २० पैकी १ आणि भाव कोसळण्याचीही २० पैकी १. दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकदम व्हायची शक्यता ४०० पैकी १. म्हणजे निवांत झोपा! पण दोन्ही एकमेकांना पक्की बांधलेली असतील, तर थेट २० पैकी १. सुटा धोका तेवढाच, बदललं ते फक्त नातं. आणि जोडसंकट वीसपट!

या नात्याचं चक्क शास्त्र आहे! अ‍ॅबे स्क्लार या गणितज्ञानं १९५९ मध्ये दाखवलं की प्रत्येक धोक्याचा स्वभाव वेगळा काढता येतो आणि त्यांना बांधणारी दोरी वेगळी. ही दोरी म्हणजे कॉप्युला. खरी गंमत पुढेच आहे. काही दोऱ्या एरवी घट्ट असतात, पण अगदी टोकाला सैल पडतात. डेव्हिड ली यांनी २००० मध्ये मांडलेलं सूत्र अमेरिकेतल्या कर्जरोख्यांसाठी सर्रास वापरलं गेलं, त्यातली दोरी याच जातीची. २००८ मध्ये कर्जं एकगठ्ठा बुडाली!

आता आपलं २०२३ घ्या. एरवी पीक घटलं की भाव चढतो, एक धोका दुसऱ्याला सावरून घेतो. पण त्या वर्षी पावसानं दगा दिला, शेजारचे मालेगाव आणि येवला तालुके दुष्काळी जाहीर झाले. ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, २६ नोव्हेंबरला जिल्ह्यात गारपीट आणि ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी! टंचाई आली म्हणूनच बंदी आली, आणि माल कमी असतानाच भाव आपटले. सावरणारं नातं ऐन टोकाला उलटलं!

त्या खरिपात पीकविमा एक रुपयात मिळत होता. पण तो उत्पादनाच्या नुकसानीपुरता, भाव त्याच्या बाहेर. एकटा धोका किती सोसेल, ही मर्यादा एका आकड्यात सांगता येते. दोन धोके आले की रेषाच काढावी लागते: पीक इतकं गेलं तर भाव इथवर पडलेला सोसेल, आणखी गेलं तर तेवढाही नाही. ट्रॅक्टरवाला, खतदुकानदार आणि कांदाचाळवाला अशा तिघांना कर्ज देणाऱ्या पतसंस्थेनं तर ही रेषा भिंतीवर लावावी. कर्जदार तीन, पण कांदा एकच!

मी तालुक्याचा पाऊस आणि बाजार समितीचे जुने भाव शेजारीशेजारी मांडायला घेतलेत. अडचण एवढीच की टोकाची वर्षं मोजकीच सापडतात. म्हणून जुन्या हिशोबपट्ट्या कुणाकडे असतील तर द्या. चांगल्या वर्षांच्या राहू द्यात, मला सगळ्यात वाईट वर्षांच्या हव्यात!