दिवेआगरच्या वाळूवर उपग्रह पाहताना

पावसाळा सरून मार्गशीर्ष लागला की दिवेआगरचे आभाळ धुतल्यासारखे होते. मुंबईचा उजेड दूर उत्तरेला राहतो. मुक्काम असला की मी दिवेलागणीला सुरूच्या बनापलीकडे वाळूत घोंगडी टाकून उताणा पडतो.

गेल्या खेपेस सोबत एक म्हातारे नाखवा आणि त्यांचा नातू होता. सातच्या सुमारास समुद्रावरून एक ठसठशीत ठिपका वर चढू लागला. "विमान!" पोरगा ओरडला.

"लाल-हिरवा दिवा मिचकतो का बघ. आवाज येतो का ऐक," आजोबा म्हणाले.

दोन्ही नव्हते. चार-पाच मिनिटांत तो डोक्यावरून गेला आणि पूर्वेच्या डोंगरांवर पोचण्याआधीच विझला. हे होते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. उपग्रह दिसतो तो उन्हाने. आपल्याकडे अंधार पडला तरी चारशे किलोमीटर उंचीवर ऊन असतेच. पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो दिसेनासा होतो. म्हणून असे उपग्रह पाहावेत ते सांजेला नाही तर पहाटे.

दुसरा ठिपका जरा चमत्कारिक होता. शर्मिष्ठेजवळून दक्षिणेकडे निघालेला, दहा अंक मोजावेत तो उजळे, पुन्हा मंद होई. पोराने वहीत वेळ आणि दिशा टिपली. फोनवरच्या उपग्रहांच्या वेळापत्रकाशी ताडली, तर तो जुन्या अग्निबाणाचा रिकामा टप्पा निघाला. गटांगळ्या खात फिरतो, म्हणून उजेड कमीजास्त.

असेच एक धूड २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन पाडव्याच्या संध्याकाळी, जळत खाली आले. विदर्भ-खानदेशात लोक अंगणात येऊन आगीची ती रांग पाहत राहिले. उल्का क्षणात विझते. ही सावकाश सरकत, तुटत गेली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. अभ्यासकांनी वेळ आणि मार्ग जुळवून तो चिनी अग्निबाणाचा भाग असावा असे सांगितले. असले काही शिवारात पडलेच, तर हात लावू नये, पोरांना जवळ जाऊ देऊ नये. विषारी इंधनाचा अंश असू शकतो. आधी पोलीस पाटलांना कळवावे.

तेवढ्यात नाखवा उठून बसले. तिसरा दिवा पाण्यालगत होता, जागचा हलत नव्हता.

"आपल्या होड्या तिथे थांबत नाहीत."

१९९३ साली इथून जवळच, शेखाडीच्या किनाऱ्यावर, मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली होती. अनोळखी दिवा दिसला की इथले जुने माणूस आजही डोळा काढत नाही. नाखवांनी कोळीवाड्यात फोन लावला. इंजिन बंद पडलेली गावचीच होडी निघाली. पोरे तिला ओढून आणायला गेली.

नातू बॅटरीच्या उजेडात वहीत तिसरी नोंद करीत होता.