दोर, मशाली आणि तीन लाख होन

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. चारपाच जण सतरंजीवर बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, एकजण गोष्ट सांगत जातो, आणि पात्राला एखादी गोष्ट जमली की नाही हे फासे ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. जुन्नरला आमच्या घरी आला तो पुण्यात शिकायला गेलेल्या पुतण्याच्या बॅगेतून. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आहे, कारण सुट्टीच्या दिवसांत घरात रिकामा मीच. भुयारं शोधायला मला लांब जावं लागत नाही. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या पोटातली लेणी. नावं बदलली की काम झालं. नाणेघाटातला दगडी रांजण तर जसाच्या तसा वापरतो. त्यात जकातीची नाणी टाकत असं म्हणतात. ही व्यापाऱ्यांवरची जकात, आपली नव्हे. मात्र पोरांनी खेळात जमवलेलं सोनं ऐकून अम्मीने एकदा स्वयंपाकघरातून विचारलंच होतं, "वर्ष झालं ना त्या सोन्याला? मग अडीच टक्के काढले का?"

खजिना मिळेपर्यंत सगळे भाऊभाऊ असतात. मिळाला की भांडण सुरू.

२०१४ च्या नियमपुस्तकातले भाव बघा. अंगभर पोलादी चिलखत १५०० सोन्याची नाणी. जखम भरून काढणारं औषध, ज्याला पोरं पोशन म्हणतात, ५० नाणी. पन्नास फूट दोर १ नाणं. वीस बाण, तेही १ नाणं. मशाल तर तांब्याच्या एका नाण्याला, म्हणजे सोन्याच्या एका नाण्यात शंभर. एका माणसाचा दिवसाचा शिधा चांदीची पाच नाणी, म्हणजे सोन्याचं अर्धं नाणं. म्हणजे एका चिलखताच्या पैशांत तीस पोशनं येतात, किंवा एका माणसाचं आठ वर्षांचं जेवण. तरी पुतण्याला चिलखतच हवं असतं. ते दिसतं, टिकतं, पात्राच्या कागदावर कायमचं लिहिता येतं. पोशन लिहायचं आणि पुढच्या रविवारी खोडायचं.

माझं मत असं की या खेळात पार्ट्या मरतात त्या तलवार बोथट म्हणून नाही. दोर आखूड पडतो, मशाली संपतात, शिधा उरत नाही, म्हणून मरतात. दुसरी तऱ्हा त्याहून वाईट. घेतलेलं वापरायचंच नाही. पुतण्याचं एक पात्र मेलं तेव्हा त्याच्या झोळीत चार पोशनं शिल्लक होती. का वापरली नाहीस? तर म्हणे, "चाचू, पुढे मोठा राक्षस आला तर?" दोनशे सोन्याची नाणी राक्षसाची वाट बघत गेली.

याचा सगळ्यात चांगला दाखला मला परदेशी पुस्तकात शोधावा लागला नाही. तो आमच्याच वेशीवरचा आहे. १६५७ च्या एप्रिलअखेर शिवाजी महाराजांनी रात्री जुन्नरवर छापा घातला. शहर तेव्हा मोगलांकडे होतं. माणसं तटावर चढली ती दोराच्या शिड्यांनी. हाती लागलं ते असं: तीन लाख होन, दोनशे घोडे, शिवाय जडजवाहीर आणि कापड. लुटलं गेलं ते आमचंच गाव, तरी हिशेबाला दाद द्यावी लागते. दोर ही यादीतली स्वस्तातली वस्तू, आणि तिच्या जोरावर तीन लाख होन आले. होन साधारण साडेतीन ग्रॅमचा. सगळी रक्कम खरोखर होनांतच असती तर वजन टनभर भरलं असतं. ते वाहायला दोनशे घोडे लुटीतच मिळाले. पोरांना मी हेच विचारतो, खजिना मिळाला खरा, पण न्याल कशावर?

आणि घोडा मिळाला की खर्च संपत नाही, तिथून सुरू होतो. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था दिली आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पावसाळ्यात फौज छावणीला परतायची तेव्हा दाणा, वैरण, औषधं आधीच भरून ठेवलेली असायची. म्हणजे पाणी, नाल, दाणा, औषध. सगळं संपणारं, आणि त्याला ठरलेली जागा, ठरलेला माणूस.

आमच्या पार्टीतली पखालजी म्हणजे भाची. आपाचं सासर आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पुढे. दोन एकर, घोड नदीचं पाणी. भाचीने वहीत दोन रकाने पाडले होते, 'राहणारं' आणि 'संपणारं'. बाणांपाशी ती अडली. नियम असा की लढाईनंतर मिनिटभर शोधलं तर सोडलेल्यांपैकी निम्मे बाण परत मिळतात. मग तिने तिसरा रकाना काढला, 'निम्मं राहणारं'.

२०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढे गेलं. आपाच्या घरी एवढा पैसा एकरकमी कधीच आला नव्हता. दुल्हेभाईंनी जुना ट्रॅक्टर बघून ठेवला. विसार द्यायचा बाकी होता. जेवताना भाची म्हणाली, "अब्बा, चिलखत तो लेंगे, पन फिर दवाई कायसे लेंगे?" दुल्हेभाईंना चिलखत म्हणजे काय ते कळलं नाही. वही मात्र त्यांनी मागून घेतली, आणि तिघं रात्री उशिरापर्यंत बसली. रोपं, खत, फवारणीची औषधं, मल्चिंग पेपर, सुतळी, तोडणीची मजुरी हे एका बाजूला. ठिबकच्या नळ्या आणि तार दुसऱ्या. बांबू तिसऱ्या रकान्यात. सोसायटीचं कर्ज हा चौथा रकाना आपाने घातला, आणि सगळ्यात आधी तोच खोडला. ट्रॅक्टर राहिला. नांगरट तासाच्या भाड्यावर करून घेतली.

दुल्हेभाई चार दिवस नीट बोलले नाहीत. शेजारच्यांच्या दारात त्याच महिन्यात नवा ट्रॅक्टर आला होता, त्याला हार घातलेला, आणि तो रोज त्यांना येताजाता दिसायचा.

सप्टेंबरात भाव असा पडला की तोडणीची मजुरीही निघेना. पुढच्या लागवडीचं सामान तेवढं घरात होतं. प्लॉट मोडला तेव्हा भाची शेतात बसून बांबू मोजत होती. निम्म्याहून थोडे जास्त कामाचे निघाले. बाकीचे चुलीत गेले.