पाठीला ऐकू येणारं

संगीत अंगावर उमटवणारी जाकिटं आणि खुर्च्या आता बनू लागल्या आहेत. त्यांतल्या अनेकांत गाण्याचा ध्वनी जसाच्या तसा कंपनयंत्राकडे सोडलेला असतो, आणि मला वाटतं घोटाळा तिथेच होतो. कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्वचेला हजाराच्या वर जवळजवळ काही कळत नाही, आणि तिची जाण सर्वांत तल्लख असते ती २५०च्या आसपास. अख्खं गाणं एकाच जागी ओतलं, की ढोल तेवढा पोहोचतो, झांज विरते, बाकीची नुसती घरघर. शिवाय अखंड कंपनाला त्वचा थोड्याच वेळात सरावते आणि बधिरते. म्हणून स्पर्शासाठी संगीत नव्यानं रचावं लागतं, त्यातल्या विरामांसकट. ते कसं, हे स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी यांच्याकडून शिकता येतं. बाराव्या वर्षापर्यंत त्यांची श्रवणशक्ती बव्हंशी गेली होती. शिक्षक टिंपनी वाजवत तेव्हा त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहत. हळूहळू खालचे स्वर पायांत, वरचे चेहरा, मान आणि छातीवर जाणवू लागले. स्वराची उंची अंगावरची जागा झाली. टोरांटोतल्या संशोधकांनी बनवलेल्या 'इमोटी-चेअर'मध्येही ध्वनीचे पट्टे वेगळे करून पाठीच्या वेगवेगळ्या भागांवर सोडले जातात. अंतर्कर्णातली शंखाकार नळी हेच तर करते.

पण पाठीला यमन आणि भूप यांतला भेद कसा कळणार? हा आक्षेप रास्त आहे. स्वरांतली सूक्ष्म अंतरं ओळखण्यात त्वचा कानाच्या जवळपासही येत नाही. मात्र लय, आघात, वजन, समेकडे झेपावतानाचा ताण हेही संगीतच आहे, आणि लागोपाठच्या दोन टिचक्यांमधलं अंतर त्वचेला डोळ्यापेक्षा नेमकं कळतं. ग्लेनी असामान्य आहेत, सगळ्यांना हे कसं जमेल, असंही कुणी म्हणेल. पण राग ओळखायला कानालाही वर्षं लागतातच. पाठीला तेवढी मुदत कुणी दिली आहे? मला अधिक गंभीर वाटतो तो तिसरा आक्षेप: संगीत म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यांनी ठरवायचं आणि कर्णबधिरांच्या अंगावर चढवायचं. यावर यंत्रात उत्तर नाही. खर्ज कुठे ठेवायचा, सम कुठे उमटवायची, कुठे काहीच वाजू द्यायचं नाही, हे ठरवायला कर्णबधिर रचनाकार पहिल्या आराखड्यापासून हवेत. तयार जाकीट घालून बघायला त्यांना शेवटी बोलावणं म्हणजे सहभाग नव्हे.