हवा वरच जाणार

रविवारी सकाळी क्लच दाबला, तो तळाला गेला आणि तिथंच बसून राहिला. बुटाचं टोक पॅडलखाली घालून वर उचलावा लागला. पायाखालचा गालिचा हाताला ओलसर, चिकट लागला. क्लचचा वरचा सिलिंडर गळत होता.

गाडी एमजीबी, १९७४ सालची. ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत अशा पाच लाखांवर गाड्या झाल्या. त्यातली एक कॉव्हेंट्रीत माझ्या दारात अडून बसलेली. बाबा तेव्हा सांगलीहून आले होते. सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेलेली. बॉनेट उघडल्याचा आवाज ऐकून स्वेटरवर स्वेटर चढवून शेजारी येऊन उभे राहिले. एमजी १९६८ पासून ब्रिटिश लेलँडच्या घरात होती, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे आमच्या लेलँड बसची चुलत बहीणच की!" एवढं नातं लागल्यावर ते घरात परत जाणं शक्यच नव्हतं.

या क्लचला तार नाही. पॅडलपाशी मास्टर सिलिंडर, खाली गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह, मधे बारीक नळी आणि तिच्यात ब्रेक ऑइल. ऑइल दाबून आकसत नाही, म्हणून पायाचं म्हणणं तसंच्या तसं खाली पोचतं. एके काळी या ऑइलात एरंडेल आणि अल्कोहोल असे. आताचं ग्लायकोलचं ऑइल पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतली ओल ओढून घेतं. त्या पाण्यानं सिलिंडर आतून गंजतो, आणि गंजावर घासून घासून रबरी वॉशर फाटतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं म्हणतात. मी किती वर्षांत बदललं नव्हतं, हे बाबांना सांगितलं नाही.

दोन्ही सिलिंडर एकदमच बदलले. वरचा नवा टाकला की त्याच्या दमदार दाबानं खालचा जुना महिन्याभरात रडायला लागतो. काम अवघड नाही, अडचणीचं आहे. पॅडलच्या पेटीत मनगट शिरतं, पण पाना फिरत नाही. पॅडलला दांडा जोडणारी पिन काढली, तर ती झिजून तिला पायरी पडली होती. खालचा दांडा हलतो जेमतेम अर्धा इंच. त्यातलं थोडं या पिनेनंच खाल्लं होतं. नवी पिन चिल्लर पैशांत येते. ती न बदलता महागडे सिलिंडर बदलणाऱ्यांची मला कीव येते. (गेल्या खेपेला मीही त्यांच्यातच होतो.)

मग नळीत शिरलेली हवा काढायची. बाबा सीटवर, मी गाडीखाली.

"दाबा."

"दाबला."

"धरा... सोडा."

स्लेव्हवरचा हवेचा निप्पल उघडायचा, बुडबुडे बघायचे, बंद करायचा. दीड तास हेच. नळीतून बुडबुडे येत राहिले आणि पॅडल तसंच लोण्यासारखं मऊ. माझ्या कोपरापर्यंत ऑइल ओघळलेलं. वरून बाबांचा आवाज आला, "अरे, हवेला खाली कशाला ओढतोयस? ती वरच जाणार."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, पारदर्शक नळीनं स्लेव्हच्या निप्पलला जोडली आणि ऑइल खालून वर हळूहळू ढकललं. बाबा वर मास्टर सिलिंडरच्या ऑइलच्या डबीवर नजर ठेवून. "आला एक... आला, आला... आता नुसतं ऑइल." डबी भरून थोडं ऑइल रंगावर सांडलं. हे ऑइल रंगाचे पापुद्रे काढतं, पण पाण्यात विरघळतं. म्हणून बादली आधीच भरून ठेवलेली.

पॅडल दगडासारखं घट्ट झालं. बाबा पुन्हा सीटवर बसले, ते उठायला तयार नव्हते. त्यांनीच इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, मनात तीन आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला.

आवाज न करता पडला.