नेम

सेमिनरीत ग्रीक भाषेचे प्राथमिक धडे गिरवताना आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर एक शब्द लिहिला होता : 'हामार्तिया'. नव्या करारात पापासाठी हा शब्द योजलेला आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा जुना अर्थ नेम चुकणे असा होतो. वर्गातील सर्वांना ही उपपत्ती आवडली. मला मात्र ती पुरती पटली नाही. माझ्या बालपणीच्या एका पापात नेम चुकला नव्हता. तो अचूक लागला होता.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. पेरूच्या फांदीची बेचकी आणि सायकलच्या ट्यूबचे रबर यांची गलोल करून आम्ही मुले दुपारभर वाडीत हिंडत असू. कैऱ्या पाडता पाडता एके दिवशी बावखलाच्या काठी बसलेला होला मी टिपला. सवंगड्यांनी पाठ थोपटली. आजीने मात्र तो पक्षी उचलून माझ्या ओंजळीत ठेवला आणि एवढेच म्हटले, "गार होईपर्यंत धरून ठेव." त्या इवल्याशा देहातील ऊब विझायला किती वेळ लागला हे सांगता येणार नाही, पण ती ओंजळ मी अद्याप विसरलेलो नाही.

पुढे धर्मगुरू झाल्यावर माझ्या पहिल्या धर्मग्रामात सणाच्या जत्रेत युवकांनी छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडण्याचा स्टॉल मांडण्याची परवानगी मागितली. मी ती साफ नाकारली. कारण विचारले, तेही सांगितले नाही.

२०११ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील पाडरबॉर्न महाधर्मप्रांतात, वेस्टफालियातील एका खेड्यात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना बदली म्हणून सेवा करण्याचा योग आला. माझ्या मुक्कामातच त्या गावचा 'श्युत्सेनफेस्ट', म्हणजे नेमबाजांचा उत्सव होता. तेथील खेडोपाडी नेमबाजांची भ्रातृमंडळे आहेत. त्यांची परंपरा मध्ययुगापर्यंत मागे जाते. त्या काळी धनुष्ये घेऊन गावाचे रक्षण करणे आणि पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीला सोबत करणे ही त्यांची कामे होती. आज 'श्रद्धा, सदाचार, स्वभूमी' हे त्यांचे ब्रीद आहे. मिस्सा, युद्धात मरण पावलेल्यांच्या स्मारकाला पुष्पचक्र, बँडच्या तालावर मिरवणूक, आणि मग नेमबाजी! उंच खांबावर लाकडी पक्षी बसवतात. त्याचा मुकुट, राजदंड, पंख एकेक करून गोळ्यांनी उडवतात. शेवटचा तुकडा जो पाडतो तो वर्षभरासाठी गावचा राजा होतो. तो शेतकरी असो वा सुतार, त्याच्या गळ्यात चांदीच्या पदकांची माळ पडते.

आरंभीची एक मानाची गोळी धर्मगुरूने झाडायची असा तेथील रिवाज होता. मी मागे सरलो. तेव्हा एक वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, "फादर, ते लाकूड आहे." मी लोखंडी आधारावर बसवलेल्या बंदुकीचा चाप ओढला. पंखाची एक ढलपी खाली आली. मुले ती उचलायला धावली. माझी ओंजळ रिकामीच होती.

त्या दिवशी भ्रातृमंडळाच्या निशाणाकडे मी निरखून पाहिले. त्यावर संत सेबॅस्टियन होते. २० जानेवारीला आपण त्यांचा सण साजरा करतो. परंपरा सांगते, की सम्राट डायोक्लेशनच्या छळात सैनिक असलेल्या या ख्रिस्तभक्ताला बांधून त्यांच्यावर बाणांचा वर्षाव करण्यात आला. नेमबाजांनी आपला आश्रयदाता म्हणून निवडला तो बाण सोडणारा नव्हे, बाण झेलणारा! चाप ओढणाऱ्याच्या डोक्यावर लक्ष्य झालेल्या माणसाचे चित्र फडकत असते. आजीने मला हेच शिकवले होते.

आपल्या भाषेत 'नेम' म्हणजे लक्ष्यवेध आणि 'नेम' म्हणजे व्रत, नियमही. पहिल्याला दुसऱ्याची जोड नसेल तर काय होते, हे त्याच देशाने पाहिले आहे. मार्च २००९ मध्ये विनेंडेन येथे सुरू झालेल्या गोळीबारात एका सतरा वर्षांच्या मुलाने पंधरा जणांचे प्राण घेतले. पिस्तूल वडिलांचे होते. वडील नेमबाजी मंडळाचे सदस्य. पण ते पिस्तूल कुलपात नव्हते. खेळाचे हत्यार कुलपात ठेवणे हाही धर्मच आहे.

उलटपक्षी, प्रेम हरवलेला नियमही जखम करतो. २०१४ साली वेर्लजवळच्या झ्योनर्न या खेड्यात शेवटचा तुकडा पाडून राजा झाला तो एक मुस्लिम गृहस्थ होता. गावाने त्याला खांद्यावर घेतले. भ्रातृमंडळांच्या महासंघाने मात्र सदस्य ख्रिस्तीच असावा या नियमाकडे बोट दाखवून त्याचे पद नाकारले. पुष्कळ चर्चेनंतर गावापुरते त्याचे राजेपद राहिले. वरच्या स्पर्धा मात्र बंद. २०१७ साली महासंघाने अशा बाबतींतील निर्णय स्थानिक मंडळांवर सोपवला. सेबॅस्टियनच्या निशाणाखाली आपणच एका माणसाला लक्ष्य केले, हे उमगायला तीन वर्षे लागली. मी त्यांना हसत नाही. परवानगी नाकारताना मीही कारण सांगितले नव्हते.

अलीकडे आमच्या सणाच्या जत्रेत फुगे फोडण्याचा स्टॉल असतो. मागे कापडी पडदा, पुढे दोरी, आणि बंदुकीशी एक जबाबदार माणूस, एवढ्या माझ्या अटी आहेत. परवा पहिल्या धर्मग्रामातील त्या युवकांपैकी एक जण आपल्या मुलाला घेऊन आला होता. मुलाचा नेम चांगला आहे. फुगे फुटत होते, पोरे टाळ्या पिटत होती. त्याने विचारले, "फादर, तेव्हा आम्हाला नाही का म्हणालात?"

एवढ्या वर्षांत प्रथमच मी कोणाला तरी त्या होल्याची गोष्ट सांगितली. मुलगा बंदूक खाली ठेवून ऐकत होता. गोष्ट संपल्यावर त्याने विचारले, "मग तुम्ही त्याला कुठे पुरलंत?"

"बावखलाच्या काठी," मी म्हणालो. "आजी सोबत होती."